सांडा

मशीन कपडे पिळेना, म्हणून बोलावलेल्या इक्रारने
खालची झडप उघडली
आणि बशीभर वाळू काढून ओट्यावर ठेवली.
"चौपाटीची नाय ही," चिमटीत चोळून म्हणाला,
"ती अंगाला चिकटते. ही बघा, पळते."
जैसलमेरची आहे, मी म्हटलं.
होळीला जोडून रजा काढली होती
मी आणि मालन खानोलकरने,
माळढोक बघायला.
"दिसला?"
नाही.
साडेतीनशे घेऊन तो गेला. वाळू राहिली.

नाहीच दिसला. चार दिवस
दुर्बिणीत नुसतं सेवण गवत हलत होतं,
आणि मालन लांबच्या प्रत्येक शेळीला
"तो बघ, तो बघ" म्हणत होती.
केराच्या बिनपानांच्या झुडपांना लाल फुलं आली होती.
एक खोकड आमच्याकडे बघून
जांभई देऊन निघून गेलं.
तिसऱ्या सकाळी मूलारामने जीप थांबवली,
इंजिन बंद केलं, आणि हळूच म्हणाला,
"सांडा."

मी पाणीखात्यात एकतीस वर्षं गळत्या शोधल्या आहेत.
मला वाटलं, पाणी सांडा म्हणतोय हा,
इथे, जिथे बाया वाळूने भांडी घासतात.
बाटली छातीशी धरली.
मग त्याच्या बोटामागे बघत गेले:
जमिनीला एक भोक, भोकात एक डोकं.

डोकंच नुसतं. बराच वेळ.
जिन्यात कोण आलंय ते
दाराच्या फटीतून बघावं, तसं.
मग खांदे, मग मातकट पोट,
मांड्यांवर पुसट निळे ठिपके,
शेवटी शेपूट, काटेरी, कड्याकड्यांचं.
ऊन अंगभर घेऊन तो सपाट झाला.
वरून घारीची सावली सरकली
आणि जागा रिकामी.
भोकाच्या तोंडाशी थोडी धूळ, तीही लगेच बसली.
"संध्याकाळी माती ओढून
दार आतून लावून घेतो," मूलाराम म्हणाला,
घरच्या माणसाबद्दल सांगावं तसं.

आणि मला नळबाजारचा फुटपाथ दिसला.
मी सात वर्षांची, बाबांचं बोट धरून.
पथारीवर स्टोव्ह, स्टोव्हवर कढई,
पिवळ्या तेलाच्या बाटल्या,
आणि समोर ओळीने बसवलेले हेच,
सहा की सात, डोळे उघडे.
भोवती गोल करून पुरुष उभे होते,
कोणी कोणाकडे बघत नव्हतं.
"बाबा, हे पळत का नाहीत?"
बाबांनी बोट जोरात ओढलं.
"पाळलेले आहेत."
"आणि कढईत काय आहे?"
"भजी."
पुढे पिला हाऊसपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.
मी मात्र भजीसाठी रडत होते.

पंचेचाळीस वर्षं माझ्या डोक्यात
ते पाळलेलेच राहिले.
मूलारामला सांगितलं, तर स्टीअरिंगवरचे हात उचलून
त्याने हवेत एक काडी मोडली.
"पाठ," एवढंच म्हणाला.
मालनने विचारलं, काय झालं गं?
काही नाही म्हटलं. वाळू गेली डोळ्यात.

आज दोन बस बदलून नळबाजारला जाऊन आले.
ती जागा साधारण कुठे होती ते कळलं,
तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.
एक घेतलं. माझ्या फोनला बसत नाही.

बशीतली वाळू टाकवत नाही.
कढीपत्त्याच्या कुंडीत घालावी, तर तो मरेल.
बशी पूर्वेच्या खिडकीत ठेवली आहे,
सकाळी तिथे तासभर ऊन येतं.
रात्री कडी आतून लावली.
अंथरुणावर पडले, मग उठून
पुन्हा एकदा बघून आले.